पिंजरा क्रमांक सहा

लर्विकहून निघालो तेव्हा उजाडलं नव्हतं.
फेरीबोटीत मांडीवर पुस्तक, प्रकरण नववं: पुरावा.
जे वहीत आहे ते जगात आहे का,
आणि जगात आहे ते सगळं वहीत आलंय का –
हे प्रश्न दोन, एक नव्हे, असं अधोरेखित करताना
बोट हलली, रेघ समासाबाहेर गेली.

मर्डो, आमचा सीनियर, गमबूट चढवत म्हणाला,
आज मासे मोजायचेत.
मी हसले. तो हसला नाही.

खाडीत आठ काळी वर्तुळं, वर जाळं,
जाळ्यावर ताटकळलेले सीगल.
सहाव्या पिंजऱ्यात, ताळेबंदाप्रमाणे,
सव्वा लाख सॅमन.
झाकली मूठ.
आणि ती उघडून बघायचे पैसे मला मिळतात,
अठरा आठवडे, बोटीचं भाडं वेगळं.

वाकून पाहिलं तर पाणीच दिसलं.
मग एक पाठ, चमचा उलटा व्हावा तशी,
मग पुन्हा पाणी.
"एक," मी म्हणाले.
मॅग्नी, सव्वीस वर्षं याच तराफ्यावर, खो खो हसला.
"राहिले एक लाख चोवीस हजार नऊशे नव्याण्णव.
चहा घेणार?"

जिवंत मासा इथे कुणी मोजत नाही.
सोडले किती, त्यातून मेले किती ते वजा,
उरतील ते जिवंत समजायचे.
खाद्य किती संपलं, त्यावरून ताळा.
मेलेले मात्र रोज, हाताने, एकेक,
हिरव्या वहीत पेन्सिलीने,
कारण शाई या हवेत टिकत नाही.
म्हणजे सगळ्या कंपनीत खात्रीचा आकडा एकच,
मेलेल्यांचा.
नवव्या प्रकरणात हे नव्हतं.
दहाव्यात असेल म्हणून रात्री चाळलं, तिथेही नाही.

वहीची पानं फुगलेली, मिठाने कडक.
नऊ जानेवारी: सतरा. दहा: बावीस.
अकरा, बारा, तेरा: शून्य, शून्य, शून्य.
चौदा: तीनशे अठ्ठ्याण्णव.

"तीन दिवस एकही मेला नाही?"
"तीन दिवस वादळ होतं, पोरी. बोटच निघाली नाही."
"मग शून्य कशाला?"
तो जाळ्याकडे बघत राहिला, माशांकडे नव्हे, जाळ्याकडे.
"रकाना रिकामा बरा दिसत नाही."

मर्डोने महिन्याची बेरीज केली. जुळली.
तारखा घसरल्या, इतकंच. क्षुल्लक. पुढे चल.
क्षुल्लक ही आमच्याकडे शिवी नाही,
तिची रक्कम आधीच ठरवलेली असते,
खाली भागीदाराची सही.
परीक्षेत तशी सोय नाही.
मागच्या खेपेला मला सत्तेचाळीस पडले.
पन्नासला पास.

मिसेस जेमिसनच्या वरच्या खोलीत
हीटरवर मोजे, मोज्यांना माशांचा वास.
माझ्या नोट्सच्या शेवटच्या पानावर वेळापत्रक:
सोमवार, दोन तास. मंगळवार, दोन. बुधवार, दोन.
मंगळवारी ओस्लाचा फोन आला,
तिचं लग्न ठरलंय, मग पुस्तक कुणाला सुचतंय.
बुधवारी कोट न काढताच झोपले.
तरी दोन. ठळक, गोल, सुबक दोन.

खोडरबर सापडला नाही.
बोट ओलं करून घासलं.
आकडा गेला, त्याबरोबर थोडा कागदही.
त्या भोकातून मागचं एक वाक्य दिसत होतं,
अर्धंच: "...व्यवस्थापनाच्या शब्दावर विसंबून..."

उद्या कार्यपत्रात त्या तीन तारखांपुढे लिहीन:
शून्य नव्हे, मोजले नाहीत.
मर्डो खोडेल बहुतेक.
पेनाने लिहीन.

खिडकीची काच मघापासून थरथरतेय.
सकाळी बोट निघेल असं मॅग्नी म्हणाला होता,
पण ते दुपारी.